धार कोणाच्या हातात? बारामती–इंदापुरातील बोथट टोकाचा इतिहास

१/
साखर कारखान्याच्या पायाभरणीची तारीख सापडते, पहिल्या गळीत हंगामाचे छायाचित्र सापडते, व्यासपीठावरील पाहुण्यांची नावेही सापडतात. त्याच कारखान्यात लोखंडाला छिद्रे पाडणारी ड्रिल वरचेवर बोथट होत आणि कोणीतरी त्यांना पुन्हा धार लावी, याची नोंद मात्र सहसा आढळत नाही. हा थ्रेड त्या कामाविषयी आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हत्याराची धार कोणाच्या हातात होती, ती तेथून कोठे गेली आणि टेबलावर बसवलेल्या एका लहानशा यंत्राने त्यात काय बदलले?

२/
सुरुवात जमिनीपासून करावी लागते. हे दोन्ही तालुके दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेले आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेले. १८७६–७८च्या भीषण दुष्काळानंतर १८८०च्या दशकात नीरा डावा कालवा या भागात पाणी घेऊन आला. कालव्याखालची जमीन बागायत झाली, उरलेली जिरायतच राहिली. पाणी हवे असेल तर मार्ग दोनच होते: कालवा किंवा विहीर. दोन्हींसाठी खडक फोडणे भाग होते आणि खडक फोडायचा तर आधी त्यात छिद्र पाडावे लागे.

३/
विहिरीच्या तळाशी कठीण पाषाण लागला की सुरुंगाशिवाय इलाज नसे. एकजण लांब पोलादी पहार उभी धरी, दुसरा घणाचे घाव घाली. प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, म्हणजे छिद्र गोल राहते. ठराविक खोली आली की दारू ठासायची. बेसाल्टमध्ये पहारेचे टोक लवकर बसे. म्हणून मोठ्या खोदकामाच्या ठिकाणी भाता आणि ऐरण जवळच लागे. बोथट पहारेने काम करणे म्हणजे तितकेच घाव घालून निम्मेही छिद्र न पाडणे.

४/
गावात हे काम लोहाराकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, त्यात लोहार हा गावाचा एक बलुतेदार. नांगराचा फाळ शेवटणे, कुऱ्हाड-विळे पाजवणे, पहारेला टोक काढणे ही त्याची कामे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. दर वेळेच्या धारेला वेगळा दर नसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने धार हा वर्षभराचा हक्क होता, तर लोहाराच्या दृष्टीने ते जातीने बांधून दिलेले कर्तव्य. या व्यवस्थेतील आपलेपणाचे गोडवे गाताना तिच्यातील सक्ती विसरता येत नाही.

५/
गावोगाव फिरणारे घिसाडी हे याच कामाचे दुसरे रूप. रस्त्याकडेला पाल, जमिनीत रोवलेली ऐरण आणि शेजारी भाता. या समाजात पुरुष तापलेले लोखंड सांडशीने धरतो आणि स्त्री घण मारते, हे दृश्य महाराष्ट्रात आजही दिसते. त्यामुळे धार लावणे हे केवळ पुरुषांचे कसब होते, असे म्हणता येत नाही. नाव कारागिराचे झाले. टोक घडवणारा घाव मात्र अनेकदा त्याच्या बायकोचा होता.

६/
लोहाराचे खरे ज्ञान घण मारण्यापेक्षाही ‘पाणी देण्यात’ होते. टोक घडवून झाले की पोलाद तापवून पाण्यात विझवायचे. मग ते काचेसारखे कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा हलके तापवले की पृष्ठभागावर रंग चढत जातात: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. कोणत्या रंगाला थांबायचे हे हत्यारावर अवलंबून असते. लवकर थांबल्यास टोक तुटते, उशीर केल्यास दबते. थर्मामीटर नसलेल्या भट्टीत हा निर्णय डोळा घेत असे. हे रंग पुढे कारखान्यातही भेटणार आहेत.

७/
धातूला छिद्र पाडण्याचे जुने ड्रिल भाल्याच्या पात्यासारखे चपटे असे. ते लोहाराला घडवता येई, पण दर धारेबरोबर त्याची रुंदी कमी होई आणि छिद्राचे माप बदले. अमेरिकेतील स्टीफन ए. मोर्स यांनी पीळदार खोबणी असलेले ड्रिल तयार केले. त्याचे पेटंट १८६३ साली मिळाले. खोबणी लांबीभर जात असल्याने टोक झिजले, पुन्हा घासले, तरी व्यास जवळजवळ तोच राहतो. कीसही खोबणीतून आपोआप वर येतो.

८/
या बदलाचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. पीळदार ड्रिल गावच्या ऐरणीवर घडवता येत नव्हते. ते विकतच आणावे लागे आणि बोथट झाल्यावर फिरत्या दगडावर घासावे लागे. धार लावण्याचे काम भट्टीकडून ग्राइंडरकडे, घणाकडून मनगटाकडे गेले. लोहाराची जागा फिटरने घेतली. अनेक ठिकाणी माणूस तोच असेल, पण आता त्याला बलुते नव्हे, पगार मिळणार होता.

९/
ज्या १८६३ साली मोर्स यांना पेटंट मिळाले, त्याच वर्षी मुंबई–पुणे रेल्वेचा बोरघाट पूर्ण झाला. त्याचे पंचवीस बोगदे मुख्यतः हातपहार आणि सुरुंग यांनी फोडलेले होते. पुढे १९२०च्या दशकात याच घाटात नव्या बोगद्यांचे काम झाले, तेव्हा त्यात वालचंद हिराचंद यांच्या कंपनीचा मोठा वाटा होता. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात केली होती. खडक, छिद्र आणि हत्यार यांचा हिशेब त्यांना नवा नव्हता.

१०/
हेच वालचंद १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंब येथे आले. नीरेच्या पाण्यावर उसाचे मळे, साखर कारखाना आणि त्याभोवती वसलेली वसाहत म्हणजे वालचंदनगर. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या अशा कारखान्याला दुरुस्ती स्वतःच करावी लागते. गळीत हंगामात गाळप थांबले तर तोडलेला ऊस वाळतो आणि साखरेचा उतारा घसरतो. म्हणून कारखान्याबरोबर वर्कशॉप येणे अपरिहार्य होते.

११/
साखर कारखाना हे एका अर्थाने छिद्रांचे घर आहे. रस तापवणाऱ्या आणि आटवणाऱ्या भांड्यांत शेकडो, कित्येकदा हजारो नळ्या असतात. त्या दोन्ही टोकांना जाड धातूच्या ‘ट्यूब प्लेट’मध्ये बसवलेल्या असतात. प्लेटमध्ये प्रत्येक नळीसाठी एक छिद्र. ते ड्रिलने पाडायचे, रीमरने मापात आणायचे, मग नळीचे टोक आतून फुगवून घट्ट बसवायचे. छिद्र जरा मोठे झाले तर नळी नीट बसत नाही; वाफ आणि रस एकमेकांत मिसळतात. एका वाकड्या धारेची किंमत अशी भर हंगामात मोजावी लागते.

१२/
म्हणून धारेचे गणित समजून घ्यायला हवे. सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. कठीण धातूंसाठी १३५ अंशांचे ड्रिल वापरतात. टोकाला दोन कापणाऱ्या कडा असतात. त्या लांबीने व कोनाने सारख्याच हव्यात. प्रत्येक कडेमागचा भाग साधारण ८ ते १२ अंशांनी उतरता हवा, नाहीतर ड्रिल कापत नाही, नुसते घासते. दोन कडांच्या मध्ये छिन्नीसारखी एक आडवी रेघ असते. ती कापत नाही, धातू ढकलते. म्हणून ती जितकी आखूड तितका जोर कमी लागतो.

१३/
एक कड लांब झाली तर ड्रिलचे केंद्र सरकते आणि छिद्र ड्रिलच्या मापापेक्षा मोठे पडते. उतार जास्त दिला तर कड नाजूक होऊन तुटते. कमी दिला तर ड्रिल तापून निळे पडते. हाच तो लोहाराच्या भट्टीतील निळा रंग. साध्या कार्बन पोलादाच्या ड्रिलवर तो दिसला की टोकाचे पाणी उतरले असे समजायचे. तो भाग घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. भट्टी गेली, पण पोलादाचा नियम तोच राहिला.

१४/
बेंच ग्राइंडरवर हाताने धार लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाहून शिकली गेली. ड्रिल दगडाच्या तोंडाशी ५९ अंशांत धरायचे, म्हणजे टोकाच्या कोनाच्या निम्म्यात. कापणारी कड आडवी ठेवायची. कड टेकली की मागचा हात सावकाश खाली न्यायचा आणि ड्रिल किंचित फिरवायचे. मग दुसरी बाजू. दोन्ही बाजूंना तेवढेच दाबणे, तेवढेच फिरवणे, यात सारे आले. शेवटी गेज लावून कडा पाहायच्या. चांगल्या ड्रिलमधून दोन्ही खोबणींतून सारखा कीस निघतो. एकाच बाजूने कीस आला की चूक कळते.

१५/
१८९८ ते १९०० या काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी ‘हाय स्पीड स्टील’ सिद्ध केले. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत हे पोलाद आपला कठीणपणा टिकवते. त्यामुळे ड्रिल पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चालवता येऊ लागले. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक पाहून युरोपातील कारखानदार थक्क झाले. पण हे पोलाद महाग होते. महागडे ड्रिल फेकायचे नसते, त्याला धार लावायची असते. आणि महागडी वस्तू कोणाच्या हाती सोपवायची, हा प्रश्न मालकाला पडतोच.

१६/
टेलर यांचे उत्तर स्पष्ट होते: कामगाराने स्वतःच्या हत्याराला धार लावू नये. प्रत्येकजण आपल्या सवयीप्रमाणे कोन देतो. मग कोणते यंत्र किती वेगाने चालवायचे, हे व्यवस्थापनाला ठरवता येत नाही. म्हणून धार एका स्वतंत्र ‘टूल रूम’मध्ये, यंत्रावर, ठरलेल्या मापाने लागावी. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांची कंपनी ड्रिलला धार लावणारी यंत्रे आधीपासूनच बनवत होती. टेलर यांनी त्या सोयीला तत्त्वज्ञानाचे रूप दिले.

१७/
यात तथ्य होते. यंत्राने लावलेली धार खरोखरच अधिक सारखी असते, ड्रिल अधिक टिकते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. ड्रिल बोथट झाले आहे, आता थांबायला हवे, हे ठरवणारा माणूस आणि धार लावणारा माणूस वेगळे झाले. कामगाराच्या हातून एक कसब गेले आणि त्याबरोबर कामाचा वेग ठरवण्याचा थोडा अधिकारही गेला. गावच्या लोहाराला हे कसब जातीने चिकटवले होते. कारखान्यातील कामगाराकडून ते व्यवस्थेने काढून घेतले.

१८/
भारतात मात्र टेलर यांचे चित्र पूर्णपणे कधीच उतरले नाही. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली. १९४१ साली सरकारने यंत्रहत्यारांवर नियंत्रण आणले. अशा काळात असलेले ड्रिल शेवटच्या खोबणीपर्यंत वापरणे हाच शहाणपणा होता. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयचे जाळे पसरले. ड्रिलला हाताने धार लावणे हा फिटरच्या शिक्षणाचा भाग झाला. जे कसब बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून चेल्याकडे जाई, ते निदान कागदावर तरी कोणत्याही जातीच्या मुलाला खुले झाले.

१९/
१९५०च्या दशकात बारामती तालुक्यात माळेगाव, इंदापूर तालुक्यात भवानीनगर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. वालचंदनगरच्या वर्कशॉपची वाटचाल तर फार पुढे गेली. स्वतःची यंत्रे दुरुस्त करणारा हा कारखाना इतरांसाठी साखरेची आणि सिमेंटची यंत्रसामग्री बनवू लागला. पुढे अणुऊर्जा प्रकल्पांसाठी उपकरणे आणि इस्रोच्या पीएसएलव्हीसारख्या प्रक्षेपकांसाठी मोटर केसिंगही येथे तयार झाली. उसाच्या शेतांतून अवकाशापर्यंतची ही झेप सर्वांना ठाऊक असते. तिच्या पायथ्याशी कोन आणि कड मापून लावलेली धार होती, हे सांगितले जात नाही.

२०/
याच कारखान्यांच्या फाटकाबाहेर धारेचा आणखी एक हिशेब चालतो. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना चिकटले आहे. मजुरी टनावर मिळते. मग कोयता पाजवण्यात गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर? मजुराच्याच. टूल रूमने धार मालकाच्या खात्यावर घेतली आणि बदल्यात अधिकारही घेतला. उसाच्या फडात धारेचे कष्ट मजुराकडेच राहिले, पण दर ठरवण्याचा अधिकार आला नाही.

२१/
१९७२च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या आणि जुना खडक पुन्हा समोर आला. आता पहारेच्या जागी हवेच्या दाबावर चालणारा हातोडा, आणि त्याच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडच्या गोल गुंड्या बसवलेले बिट. बेसाल्टमध्ये या गुंड्या सपाट होतात. त्यांना वेळीच हिऱ्याच्या ग्राइंडरने पुन्हा घुमटाकार केले नाही, तर बोअरचा वेग घटतो आणि गुंडी फुटते. घाई करून बोथट बिट चालवणे महागात पडते, हे विहिरीच्या तळाशी घण मारणाऱ्यालाही ठाऊक होते.

२२/
बेंचवर बसणारे लहान यंत्र शक्य झाले ते एका वेगळ्याच शोधामुळे. साधा दगड धार लावताना स्वतःही झिजतो. तो झिजला की यंत्राचे माप चुकते. १९५४ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा आणि १९५७ साली क्यूबिक बोरॉन नायट्राइड तयार झाले. या कणांचे चाक फारच सावकाश झिजते. पोलादाच्या ड्रिलला बोरॉन नायट्राइडचे चाक आणि कार्बाइडला हिऱ्याचे, अशी विभागणी रूढ झाली. चाकाचा आकार टिकला, म्हणून छोट्या पेटीतही अचूकता टिकली.

२३/
अशा यंत्राची रीत सोपी असते. ड्रिल चकमध्ये घालायचे, खाचेत टेकवून दोन्ही कडा खुणेशी जुळवायच्या आणि चक आवळायचा. मग चक धार लावण्याच्या भोकात घालून ठरलेल्या मर्यादेत डावी-उजवीकडे फिरवायचा. घासण्याचा आवाज मंदावला की अर्धा फेरा देऊन दुसरी कड. शेवटी मधली आडवी रेघ आखूड करण्यासाठी वेगळे भोक. पुष्कळ यंत्रे ३ ते १३ मिलिमीटरपर्यंतची ड्रिल घेतात. वर्षानुवर्षे मनगटाने शिकलेला कोन येथे चकच्या हालचालीत बंदिस्त झालेला असतो.

२४/
पण यंत्राला सगळे कळत नाही. तुटलेल्या किंवा जळून निळ्या पडलेल्या ड्रिलचे टोक आधी साध्या ग्राइंडरवर उतरवून घ्यावे लागते. तडा गेला आहे का, हे डोळ्यानेच पाहावे लागते. शिवाय पीळदार ड्रिलचा मधला गाभा मागे दांड्याकडे जाड होत जातो. त्यामुळे वारंवार धार लावून आखूड झालेल्या ड्रिलची मधली रेघ रुंद होते. गाभा पातळ केला नाही, तर धार असूनही ड्रिल शिरत नाही. हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच हाती यंत्र उपयोगी पडते.

२५/
१९९०च्या दशकात बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनउद्योग आला. एका बाजूला संगणकावर चालणारी यंत्रे आणि बाहेर पाठवून धार लावून घेतलेली कार्बाइडची ड्रिल. दुसऱ्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या, नांगर आणि गेट बनवणारी छोटी वर्कशॉप. बेंचवरचे यंत्र या दुसऱ्या जगासाठी सर्वांत महत्त्वाचे. मोठ्या कारखान्याची टूल रूम ज्याला परवडत नाही, त्याला ती एका टेबलावर मिळते. टेलर यांच्या काळात यंत्राने धार कामगारापासून दूर नेली होती. येथे तशाच यंत्राने ती काम करणाऱ्याच्या शेजारी परत आणली. फरक यंत्रात नव्हता, ते कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या टेबलावर होते, यात होता.

२६/
म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास शोधणाऱ्याने फलक आणि पुतळ्यांबरोबर वर्कशॉपमधील तो डबाही उलटून पाहावा, ज्यात आखूड झालेली ड्रिल पडलेली असतात. प्रत्येक धारेबरोबर ड्रिल थोडे कमी होते. उरलेल्या लांबीवरून ते किती वेळा पुन्हा कामाला लागले, याचा अंदाज बांधता येतो. दोन कडा सारख्या असतील तर धार जाणत्या हाताची किंवा यंत्राची. एक लांब असेल तर शिकाऊ मुलाची. कोणत्याही दप्तरात न सापडणारी ही नोंद आहे आणि ती बहुधा भंगाराच्या भावाने विकली जाते.

(थ्रेड समाप्त)